कबरीवरचं उचलू नये

कबरीवरची वस्तू उचलू नये, हे टॅबी पॉइंटच्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी कळतं. मेलेल्या माणसाने शेवटची जी वस्तू वापरली असेल ती त्याच्या कबरीवर ठेवायची. पाणी प्यायलेला पेला, औषधाची बाटली, उशाशी जळणारा कंदील, काहीही. ठेवण्याआधी तिचा एक टवका उडवायचा, म्हणजे तीही त्याच्यासारखी मोडते आणि त्याच्याबरोबर जाते. त्यानंतर ती त्याची. कुणी उचलली तर तो मागायला येतो. लहानपणी वर्डेलने एकदा तिथला एक शंख नुसता कानाला लावला होता, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की शंख कुठे पडला तेही पोरीला कळलं नाही.

त्याच वर्डेल चिझमने सत्तरी ओलांडल्यावर अख्खं कबरस्तान रिकामं केलं. एकटीने नाही, चार लोकांना हाताशी धरून. पण शब्द तिचा होता, आणि टॅबी पॉइंटमध्ये तिचा शब्द सहसा खाली पडत नाही.

खाडीच्या कडेला ओकची झाडी आहे, तिच्या पोटात ही जागा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात या बेटावरचे गुलाम मळे सोडून पळाले, उत्तरेच्या फौजेच्या काळ्या पलटणीत शिरले, लढले, आणि जे परत आले त्यांनी मळेवाल्यांचीच जमीन विकत घेतली. म्हातारे होऊन खाटेवर मेले. सरकार सैनिकाच्या कबरीला दगड देत असे. पण हे लोक भरती झाले होते मालकाच्या आडनावाने, आणि स्वतंत्र झाल्यावर पहिलं काम केलं ते ते आडनाव फेकून देण्याचं. सरकारला तो जुना माणूस आणि हा नवा माणूस एकच आहे हे कधी पटलं नाही. मग डोक्याशी फळ्या उभ्या केल्या, त्या वाळवीने खाल्ल्या. उंचवटे भरतीच्या पाण्याने आणि वादळांनी सपाट केले. राहिल्या त्या वस्तू. कुठे कोण हे वस्तूंवरूनच कळायचं. पत्र्याचा मग तिथे वर्डेलचा पणजोबा. दाढीचा पेला तिथे चर्चमधल्या सेवेकऱ्याचा, डीकन इझिकेल मझिकचा, आजा. बंद पडलेलं घड्याळ तिथे सार्जंट, ज्याच्या पलटणीतल्या गोष्टी अजून सांगतात.

जमीन मात्र हातची गेली होती. वारसांची सामाईक जमीन, कागद कुणाच्याच नावावर धड नाही. दूर शहरातल्या भावकीतल्या एकाने आपला वाटा विकला, तो वेगळा काढता येईना म्हणून कोर्टाने सगळ्या जमिनीचा लिलाव केला आणि एका बांधकाम कंपनीने ती उचलली. आता तिथे फाटकाआडची घरं आणि गोल्फचं मैदान होणार होतं. कंपनीच्या नकाशावर झाडीच्या जागी हिरवा रंग होता आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

वर्डेल कौंटीच्या, म्हणजे जिल्हा कारभाराच्या, प्रत्येक सभेला जाऊन सैनिकांची नावं घेई. पण खरं सांगायचं तर ती भांडत होती ते सैनिकांसाठी नव्हे. तिची मुलगी तिथे होती. ऑरिलिया आठवडाभरही जगली नाही. तेव्हा सगळे जण चर्चच्या अंगणात पुरत, पण वर्डेलच्या आईने ऐकलं नाही. एवढंसं पोर परक्यांत कसं झोपेल, म्हाताऱ्यांपाशी ठेवा, कुणी तरी कडेवर घेईल, असं तिचं म्हणणं. वर्डेलच्या नवऱ्याने, क्लीव्हनने, कपाटाचा एक खण काढून त्याची पेटी केली. कबरीवर ठेवायला वस्तू नव्हती, कारण पोरीने काही वापरलंच नव्हतं. म्हणून वर्डेलने सीडरचं रोप लावलं. आज ते झाड तिच्या दुप्पट उंच आहे, आणि गेली कित्येक वर्षं ती त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसत आली आहे. क्लीव्हन गेला, आई गेली, बसायला ती एकटीच उरली. पण एका तान्ह्या काळ्या पोरीसाठी कुणी बुलडोझर थांबवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गणवेशातल्या माणसासाठी कदाचित थांबवतील. म्हणून तिच्या तोंडी सैनिक.

प्रदर्शनाची कल्पना रोझलिनची. रोझलिन गावच्या लायब्ररीत ग्रंथपाल होती, याच गल्लीत वाढलेली, शिकून परत आलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. लोकांना दिसत नाही त्याची कणव येत नाही. वस्तू काचेत मांडू, सैनिकांच्या गोष्टी लिहू, वर्तमानपत्रवाले येतील, मग कंपनीला त्या जागेवर हात टाकायची हिंमत होणार नाही.

चर्चच्या तळघरात बैठक बसली. लाल भात आणि तळलेली कोलंबी होती, पण बराच वेळ कुणी ताटाला हात लावला नाही. डीकन इझिकेल बोलायला उठला. वर्डेल आणि तो एका बाकावर शिकलेले, तो तिला अगं-तुगं करणाऱ्या मोजक्यांपैकी, आणि तिच्या लेखी नुसता झीक.

“वर्डेल, तुझ्या आईने कुणाला शंख उचलू दिला नाही,” तो म्हणाला, “आणि तू आज पेले उचलायला निघालीस.”

“आईच्या वेळी बुलडोझर नव्हता, झीक.”

“मेलेल्याचं घेतलं की काही तरी जातं. काय जातं ते आधी कळत नाही, एवढंच.”

“काही न करता बसलो तर सगळंच जाईल. मग कळून काय करशील?”

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. वर्डेलला अक्कल होती, पण गरज तिच्याहून मोठी होती. ती तासभर बोलली, आणि शेवटी डीकनसुद्धा कबूल झाला.

काम मात्र रीतीने केलं. प्रत्येक कबरीपाशी उभं राहून, पाणी शिंपडून, नाव ठाऊक असेल त्याचं नाव घेऊन विचारलं की हे थोडे दिवस नेतो, तुमच्याच भल्यासाठी नेतो. रोझलिन कॅमेरा घेऊन आली होती. वर्डेलने तिला झाडीबाहेर उभं केलं. झोपलेल्याचा फोटो काढत नाहीत. वस्तू लायब्ररीत नेऊन पांढऱ्या कापडावर ठेव आणि मग हवे तेवढे काढ, असं तिने बजावलं. रोझलिनने एकदा विचारून पाहिलं, वर्डेलने नुसतं बघितलं, रोझलिनने कॅमेरा पिशवीत घातला. शिकलेली असली तरी मुलगी गावची होती.

आणि सगळंच उचललं. शंख, काचा, फुटक्या बशा, सगळं. प्रदर्शन लागल्यावर जुन्या वस्तू जमवणारे चोर झाडीत घुसतील, त्यांना काही मिळता कामा नये, हा विचार वर्डेलचाच. मग तिने एकेक वस्तू घरी साबणाने धुतली. पाहुण्यांपुढे न्यायची तर मळकी कशी नेणार?

प्रदर्शन फार छान झालं. असं छान की वर्डेलला पहिल्यांदाच वाटलं, आपण जिंकलो. कौंटीभरातून लोक आले. गोऱ्या बायका काचेपुढे रुमाल काढून उभ्या राहिल्या. शाळांच्या बस आल्या. आज्याच्या दाढीच्या पेल्यासमोर डीकन इझिकेल नवा सूट घालून उभा राही आणि विचारील त्याला सांगे की हा माझा माणूस. त्याने वर्डेलला मोकळेपणाने म्हटलंसुद्धा, तुझं बरोबर होतं. कौंटीने सुनावणी लावली आणि त्याआधी जागा पाहायला एक तपासनीस नेमला. कॅलोवे नावाचा, चिखलाच्या बुटांतला, कमी बोलणारा गोरा माणूस. जमिनीखालचं जुनं काही आहे का हे ओळखणं हाच त्याचा धंदा.

वर्डेल त्याला स्वतः झाडीत घेऊन गेली. डीकन बरोबर होता. कॅलोवे बराच वेळ फिरला, वाकला, पानं बाजूला केली, वाळू चोळून पाहिली. मग त्याने विचारलं की कबरी कुठे आहेत.

“तुम्ही उभे आहात तिथे,” वर्डेल म्हणाली.

“कशावरून, मिसेस चिझम?”

तिने खाली पाहिलं. ओकची सुकलेली पानं होती आणि वाळू होती. शेजारी तसाच वाळूचा तुकडा, आणि त्याच्याही शेजारी तसाच. इतकी वर्षं तिने कबरी पाहिल्याच नव्हत्या, पेले पाहिले होते. पेला नाही तर पणजोबा कुठे, हे तिला सांगता येईना. या ओकपाशी की त्या, तिने दोन ठिकाणं दाखवली आणि दोन्हींची तिला खात्री नव्हती. डीकन बोट वर करायचा, खाली घ्यायचा.

कॅलोवेने शांतपणे विचारलं की वस्तू जागेवर असतानाचे फोटो आहेत का. नाहीत. कुणी नकाशा काढला होता का. नाही. वस्तूंना चिकटलेली माती तरी असेल, ती तपासता येईल. वर्डेलने सांगितलं की धुतल्या. त्याने हातावरची वाळू झाडून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. या बाईने स्वतःच्या हाताने पुरावा गोळा करून काचेत मांडला होता आणि जमीन पुसून कंपनीच्या हवाली केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लायब्ररीत गेली आणि काच उघड म्हणाली. रोझलिनने उघडली. दोघींनी खोकी भरली, झाडीत नेली. हातात पत्र्याचा मग धरून वर्डेल या झाडाखालून त्या झाडाखाली गेली. एके ठिकाणी ठेवला, दोन पावलं मागे येऊन बघितला, उचलला. रोझलिन रडायला लागली. तिचं म्हणणं, चूक माझी, मी कॅमेरा लपवून आणायला हवा होता. वर्डेलने तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही, तेवढं बळच तिच्यात नव्हतं. परत ठेवून उपयोगही नव्हता. कॅलोवेच्या भेटीचं कळताच कंपनीच्या वकिलाने म्हणून टाकलं होतं की आता तिथे काहीही सापडलं तर ते परवा ठेवलेलं समजावं. खोकी परत लायब्ररीत गेली आणि लोक परत रांगेत उभे राहून काचेत बघायला लागले.

सुनावणीला आठवडाही उरला नव्हता तेव्हा कॅलोवे तिच्या घरी आला. ओसरीवरच्या खुर्चीत बसला, तिने दिलेला चहा हातात धरून राहिला. एक मार्ग आहे म्हणाला. कंपनी एका जागी खणू द्यायला तयार आहे. एकच खड्डा, तोही सुनावणीच्या आत. त्यात माणूस सापडला तर ही जागा दफनभूमी आहे असं मला कौंटीला लिहून देता येईल आणि काम थांबवायला सांगता येईल. सापडला नाही तर विषय संपला. नातेवाइकांची परवानगी लागेल, आणि जागा अचूक हवी.

“कुणी तरी एक जागा नक्की ओळखत असेल ना?” त्याने विचारलं. “शपथेवर सांगता येईल अशी.”

एकच जागा होती. सीडरचं झाड त्याने पाहिलं होतं, त्याच्या लेखी ते झाडीतलं आणखी एक झाड होतं.

उद्या सांगते, म्हणून वर्डेलने त्याला वाटेला लावलं. तो गेल्यावर ती डीकनकडे गेली. तो परसात भेंडी तोडत होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने टोपली खाली ठेवली आणि म्हणाला की हे करू नकोस. सैनिकांचं आम्ही बघू, वकील करू, पोरीला हात लावू नकोस. त्याचं हे बोलणं मनापासून होतं आणि तितकंच पोकळ होतं, हे त्यालाही कळत होतं. वकील करायला कुणाकडे काय होतं?

“मी त्यांची नावं घेत फिरले, झीक, आणि मनात तीच होती,” वर्डेल म्हणाली. “दर सभेत. आता त्यांच्यासाठी तिला पुढे करते. फिटेल का रे?”

भेंडीचा चिकट हात डीकनने तिच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

खणायच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. कंपनीचा माणूस आला, कौंटीची एक बाई आली, चर्चची माणसं दोरीमागे उभी राहिली. वर्डेल सरळ सीडरपाशी गेली, जिथे रोज बसे तिथून थोडं पुढे उभी राहिली आणि म्हणाली, इथे. कॅलोवेने तिला बाजूला नेऊन सांगितलं की अशा ओल्या वाळूत तान्ह्या मुलाची हाडं टिकत नाहीत, काहीच न मिळण्याची तयारी ठेवा. ती म्हणाली, माझी तयारी कसलीच नाही, तुम्ही खणा.

त्याने यंत्र लावलं नाही, हातानेच खणलं. सीडरची मुळं आडवी आली, ती करवतीने कापावी लागली. वर्डेल तिथून हलली नाही. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की झाड पोरीला धरून आहे, आणि आता ते हात एकेक करून सोडवले जात होते. दुपार कलताना कॅलोवे थांबला, ब्रशने वाळू झाडली. काळपट, चौकोनी डाग होता, कपाटाच्या खणाएवढा. त्यात एक पितळी मूठ होती. ती काढायची क्लीव्हनकडून राहून गेली होती. हाडं नव्हतीच जवळजवळ. कॅलोवे उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

दोरीमागे लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणी तरी गाणं धरलं. वर्डेल गुडघ्यांवर बसली आणि खड्ड्यात हात घालून त्या काळ्या मातीवर तिने तळवा टेकवला. मग तिने कॅलोवेला विचारलं की आता बुजवायचं का. आजच बुजवू, तो म्हणाला, आणि ते दोघांनी मिळून बुजवलं.

सुनावणीत कौंटीने कॅलोवेचं म्हणणं ऐकून घेतलं. डाग, मूठ, सगळं मान्य केलं. आणि निकाल दिला तो असा, की तिथे एक कबर आहे, अलीकडच्या काळातली, एका बालकाची. युद्धातल्या सैनिकांशी तिचा काही संबंध दिसत नाही. बाकी जागेत दफनाची खूण नाही. सबब त्या एका कबरीभोवती कंपनीने स्वखर्चाने कुंपण घालावं आणि आईला कायम जायला-यायला मोकळीक द्यावी. कॅलोवे उठून काही तरी सांगू लागला, त्याला वेळ संपली म्हणून बसवलं. कंपनीच्या माणसाने फार अदबीने वर्डेलपुढे संमतीचा कागद ठेवला, कुंपण मान्य आणि बाकी जागेबद्दल हरकत नाही असा. सही केली तर कुंपण उद्याच. नाही केली तर कंपनी कबर हलवायची परवानगी मागेल, आणि ती मिळते.

वर्डेलने मागे वळून पाहिलं. बाकांवर सगळे होते. ज्यांचे पणजे तिथे होते ते, ज्यांच्या पेल्यांसाठी तिने शब्द टाकला होता ते. कुणीही मान हलवली नाही, नको म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही. तिने सही केली. पुन्हा एकदा पोरीची कबर खणू देणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर डीकन इझिकेल हातात टोपी घेऊन उभा होता. ती त्याच्या पुढ्यात जाऊन थांबली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या ओटीत घेतल्या असत्या.

“तुझी तरी वाचली, वर्डेल,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटत होतं, आणि तेच तिला सोसवेना.

प्रदर्शन आणखी महिनाभर वाढवलं. कंपनीने लायब्ररीला देणगी दिली आणि आपल्या मुख्य रस्त्याला सैनिकांचं नाव दिलं, तशी पाटीही लावली. ओक बरेच तोडले. रस्ता झाडीच्या मधून गेला, काळाभोर, गुळगुळीत.

हिवाळा सरता सरता रोझलिनने वर्डेलला गाडीतून नेलं. फाटकावरच्या पोराने नाव विचारलं, पास दिला, बाईंना रस्ता दाखवला. गाड्यांना पुढे मनाई होती, आज डांबराचा शेवटचा थर टाकणार होते, पण चालत जा म्हणाला, जवळच आहे. सीडर तिथून दिसत होतं. त्याच्याभोवती पांढरं कुंपण होतं, नीटनेटकं, आत कुणी तरी गवतही लावलं होतं.

वर्डेल रस्त्याच्या कडेला आली आणि थबकली. पणजोबा याखाली कुठे होता? इथेच असेल, किंवा दहा पावलं पुढे. घड्याळवाला सार्जंट, झीकचा आजा, सगळे याच्याखाली होते, आणि कोण कुठे हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर एकेकाला चुकवून गेली असती.

“दुसरी वाट आहे का रे, बाळा?” तिने फाटकावरच्या पोराला विचारलं.

“नाही, मॅडम. दोन्ही बाजूंना पाणी आहे. ही एकच.”

समोर ऑरिलिया होती आणि मध्ये ती माणसं होती, जिच्यासाठी तिने त्यांची नावं वापरली ती पोर आणि त्या पोरीपायी जी गेली ती माणसं. एक पाय वर्डेलने उचलला होता, तो तिने परत गवतावर ठेवला. रोझलिनने हात धरून नेते म्हटलं. वर्डेलने नको म्हणून मान हलवली आणि ती गाडीकडे परत निघाली.